पावसाळा काढलेली गोणी कोणाच्या भिंतीत जाते?

दुकानात माल येऊन पडला की व्यापाऱ्याचे अर्धेच काम झालेले असते. उरलेले अर्धे काम म्हणजे तो माल गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत जसाच्या तसा सांभाळणे. कपड्याच्या लाईनमध्ये ही गोष्ट पोराला पहिल्या महिन्यातच शिकवली जाते. गाठ जमिनीवर टेकवायची नाही, भिंतीला लावायची नाही, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तागे उलटेपालटे करायचे आणि जरीचा माल ओलीपासून दूर ठेवायचा, कारण जर काळी पडली की ती पुन्हा उजळत नाही. ज्याने हे केले नाही, त्याच्या मालाला बुरशीचा वास येतो आणि गिऱ्हाईक तागा उलगडताच नाक मुरडते. शिक्षा तिथल्या तिथे मिळते.

आज लिहायचे आहे ते दुसऱ्या एका मालाबद्दल. त्याची शिक्षा तिथल्या तिथे मिळत नाही आणि मिळते तेव्हा ती चुकीच्या माणसाला मिळते. हा माल म्हणजे फरशी चिकटवायची पावडर. कंपन्या तिला टाइल अॅडेसिव्ह म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री आणि दुकानदार तिला सरळ ‘केमिकल’ म्हणतात. हार्डवेअरची लाईन माझी नाही, याची मला जाणीव आहे. पण गोदाम, ओल, थप्पी आणि जुना माल हे विषय सगळ्या व्यापाऱ्यांचे सारखेच आहेत. शिवाय घर तर प्रत्येकजण बांधतो.

ही पावडर आली कशासाठी?

पूर्वी फरशी सिमेंट-वाळूच्या मालावर बसत असे. शहाबादी असो की जुनी सिरॅमिक, तिच्या पाठीला छिद्रे असत. ती सिमेंटचे पाणी शोषून घेई आणि पकड धरी. नंतर गुजरातेतल्या मोरबीहून व्हिट्रिफाइड टाइल्सचे ट्रक येऊ लागले. ही टाइल काचेसारखी घट्ट असते. तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहूनही कमी. साधा सिमेंटचा राडा तिच्या पाठीला नीट धरत नाही. काही महिन्यांनी वरून टकटक केले की पोकळ आवाज येतो आणि पुढे टाइल सुटते. त्यातून टाइल दोन बाय चार फुटांची झाली, भिंतीवर डोक्याच्या वर चढली. तिचे वजन पेलायला नुसते सिमेंट पुरेना.

म्हणून सिमेंट आणि बारीक वाळूत आणखी दोन गोष्टी मिसळण्यात आल्या. एक म्हणजे पोलिमरची पावडर. ती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते आणि सुकल्यावर रबरासारखी पकड देते. दुसरी म्हणजे सेल्युलोजपासून केलेली पावडर, जी मालातले पाणी धरून ठेवते, म्हणजे पातळ थर लवकर सुकून जात नाही. अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग यांनी १९५६ मध्ये लॅटेक्स मिसळून पातळ थराने टाइल बसवण्याची पद्धत बाजारात आणली, तिथून या धंद्याने जोर धरला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने या मालासाठी आय.एस. १५४७७ हे मानक २००४ मध्ये केले आणि २०१९ मध्ये सुधारले. त्यात या मालाचे पाच प्रकार पाडलेले आहेत. सांगायचा मुद्दा असा की ही गोणी म्हणजे साधे सिमेंट नव्हे. सिमेंटचे सगळे दुखणे तिच्यात आहेच, वर पोलिमरचे दुखणे वेगळे आहे.

चुना पाण्यात, सिमेंट कोरड्यात

आपल्या शहराला जोडणारा माल सांभाळण्याची मोठी परंपरा आहे. बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवराचा असला तरी इमारतीचा पुष्कळ भाग चुन्याच्या गिलाव्याचा आहे. सतराव्या शतकातले ते काम आजही उभे आहे. त्या काळचे कारागीर चुना भिजवून मुरवत, घाणीत मळत. मुरवलेला चुना पाण्याखाली ठेवला की महिनोन् महिने टिकतो, उलट जितका मुरेल तितका चिकट होतो. कारण चुना घट्ट होतो तो हवेने. हवेतला कर्बवायू त्याला मिळाला की तो दगड होतो. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून तो टिकतो.

सिमेंटचे नेमके उलटे आहे. सिमेंट घट्ट होते ते पाण्याने. त्याला पाणी दिसता कामा नये आणि पाण्याची वाफसुद्धा लागता कामा नये. म्हणजे माल कसा ठेवायचा हे तो कशाने घट्ट होतो यावर ठरते. जुन्या कारागिराला आपला माल कशाने बिघडतो हे ठाऊक होते. आजच्या दुकानदाराने आपल्या मालाचे तेवढेच समजून घेतले तरी पुरेसे आहे.

चार दुश्मन

पहिला दुश्मन ओल. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘हे काय मुंबई आहे? इथे कुठली ओल?’ मराठवाडा कोरडा हे खरे. वर्षाचा पाऊस जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवासुद्धा दमट असते. जुन्या शहरातली गोदामे दगडी भिंतींची, मातीवर थेट शहाबादी टाकलेली. जमिनीतली ओल वर चढते. गोणी वरून कोरडी दिसते आणि आत सिमेंटचा कण हवेतले बाष्प पिऊन अर्धा मरून गेलेला असतो. गोणीला आतून प्लास्टिक असते हे खरे, पण कारखान्यात भरताना आतली हवा बाहेर जावी म्हणून बहुतेक गोण्यांना बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती गोणी म्हणजे बरणी नव्हे.

दुसरा दुश्मन उष्णता. ती आपल्याकडे भरपूर. बीड बायपास, पैठण रोड, जालना रोडच्या कडेला पत्र्याची शेड टाकून गोदाम केले जाते. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश असले तर पत्र्याखाली त्याहून जास्त असते. साध्या सिमेंटला या उष्णतेने फार फरक पडत नाही, पण पोलिमरचे कण गरमीने मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. पुढे पाण्यात टाकल्यावर ते मोकळे होत नाहीत आणि मग पकड कुठून येणार? पत्र्याचा आणखी एक त्रास आहे. थंडीच्या रात्री पत्र्याला आतून दव धरते आणि पहाटे ते थेंबाथेंबाने वरच्या गोणीवर पडते. मालक सकाळी दहाला येतो, तोवर सगळे वाळलेले असते. त्याला पत्ताही लागत नाही.

तिसरा दुश्मन दाब. थप्पी उंच केली की खालच्या गोण्या दाबाने घट्ट होतात. उष्णता आणि दाब एकत्र आले की पोलिमरचे नुकसान दुप्पट होते.

चौथा दुश्मन वेळ. बहुतेक कंपन्या न उघडलेल्या गोणीला साधारण वर्षभराची मुदत देतात, काही त्याहून कमी देतात. पण त्या मुदतीपुढे ‘कोरड्या व थंड जागी ठेवल्यास’ असे शब्द असतात. ते शब्द कोणी वाचत नाही. सिमेंटबद्दल ढोबळ हिशोब असा सांगतात की तीन महिन्यांत ताकद वीस टक्क्यांनी आणि सहा महिन्यांत तीस टक्क्यांनी उतरते. म्हणूनच तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट पुन्हा तपासून मगच वापरावे असा नियम बांधकामात आहे. केमिकलच्या गोणीत आधार सिमेंटचाच आहे, हे विसरून चालणार नाही.

थप्पी कशी लावावी

बांधकामाचा माल कसा रचावा याचेही सरकारी मानक आहे, आय.एस. ४०८२, सन १९९६ चे. त्यात सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून १५० ते २०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात असे सांगितले आहे. थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच करू नये, भिंतीपासून अंतर सोडावे आणि जो माल आधी आला तो आधी काढावा, असेही सांगितले आहे. यात खर्चाचे काय आहे? कपड्याचा व्यापारी हे कोणतेही मानक न वाचता करत आला आहे.

केमिकलच्या गोणीसाठी याच्यात थोडी भर घालावी असे मला वाटते. फळ्यांवर जाड प्लास्टिक अंथरावे. भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळे ठेवावे, म्हणजे माणूस मागे जाऊन बघू शकेल. दहाची मर्यादा सिमेंटची आहे, केमिकलची थप्पी त्याहून बुटकी ठेवावी. पत्र्याच्या शेडमध्ये थप्पीवर ताडपत्री असावीच, पण ती गोण्यांना घट्ट गुंडाळू नये. पावसाळ्यात खिडक्या-दारे कामापुरतीच उघडावीत. कपड्याला वारा लागतो, पण या मालाला दमट वारा लागू देऊ नये, एवढाच दोन्हींत फरक. हमालांना हूक लावू देऊ नये. गाठीला हूक चालतो, गोणीला एक भोक पडले की ती गोणी गेली असे समजावे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खडू. प्रत्येक थप्पीसमोर पाटी लावावी आणि तिच्यावर माल आल्याची तारीख व गोणीवरचा उत्पादनाचा महिना लिहावा. नवा माल जुन्या मालापुढे रचण्याची सवय हमालांना असते, कारण ते सोपे पडते. त्यामुळे जुना माल कोपऱ्यात वर्षानुवर्षे राहतो. मालकाने ट्रक उतरताना समोर उभे राहून जुना माल पुढे काढून घ्यावा.

उघडलेली गोणी

घरमालकाच्या हातून होणारे नुकसानही थोडे नाही. वीस किलोच्या गोणीत तीन मिलिमीटरच्या थराने साधारण पन्नास चौरस फूट काम होते. बाथरूमचे काम संपते आणि अर्धी गोणी उरते. मिस्त्री तिचे तोंड दुमडून जिन्याखाली ठेवतो आणि दोन महिन्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यामागे तीच वापरली जाते. उघडलेली गोणी काही दिवसांत संपवावी हे बरे. ठेवायचीच असेल तर आतली हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बांधावे आणि ती झाकणाच्या कोरड्या डब्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. डब्यावर तारीख लिहावी.

कालवलेल्या मालाचेही तसेच आहे. घमेल्यात माल घट्ट व्हायला लागला की काही मिस्त्री वरून पाणी मारतात. पाणी मारल्याने माल मऊ होतो, पण पकड परत येत नाही. तो माल टाकून द्यावा. थोडा थोडा कालवला तर टाकायची वेळच येत नाही.

ओळखावे कसे?

गोणी कडक लागली म्हणून ती लगेच खराब ठरवू नये. दाबाने घट्ट झालेली गोणी जमिनीवर दोन-चार वेळा लोळवली की मोकळी होते. ती चालते. पण लोळवल्यावरही आत गाठी राहिल्या, त्या बोटांनी चुरल्या नाहीत, तर समजावे की तिला ओल लागली. इथे एक मोठा गैरसमज आहे. गाठी चाळून काढायच्या आणि उरलेली पावडर वापरायची, असे सर्रास चालते. पण ज्या ओलीने गाठी झाल्या ती उरलेल्या पावडरलाही लागलेलीच असते. चाळणीने गाठी जातात, ओल जात नाही. त्यात मूठभर ताजे सिमेंट टाकून ‘जोर’ आणण्याचाही प्रकार आहे. त्याने पोलिमरचे प्रमाण बिघडते, फायदा काही होत नाही.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा घ्यावी. थोडा माल गोणीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून कालवावा, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा हलवावा आणि एक टाइल भिंतीवर बसवून लगेच ओढून काढावी. टाइलच्या पाठीला माल सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे. माल वाळूसारखा सुटा पडत असेल, पाणी वेगळे होत असेल, किंवा टाइल आपोआप खाली घसरत असेल, तर त्या गोणीचे काम भिंतीवर करू नये. या परीक्षेत पास झालेला प्रत्येक माल उत्तम असेलच असे नाही. पण नापास झालेला नक्की वाईट आहे.

नुकसान कोणाचे?

आता खरा प्रश्न. कपडा खराब निघाला तर तो दुकानातच कळतो. केमिकल खराब निघाले तर ते टाइलच्या मागे लपते. सहा महिने, वर्ष, दोन वर्षे जातात. मग बाथरूममधली टाइल फुगते किंवा सुटून पडते. तोवर दुकानाची पावती हरवलेली असते, गोणी भंगारात गेलेली असते. घरमालक कोणाला पकडतो? मिस्त्रीला. चौरस फुटावर मजुरी घेणाऱ्या त्या माणसाचे पुढचे काम जाते, मागची उधारी बुडते आणि मोहल्ल्यात नाव खराब होते. मिस्त्रीचे कामही कधी वाईट असते, ते मी नाकारत नाही. पण ज्या गोणीने गोदामात पावसाळा काढला, तिचा गुन्हा त्याच्या डोक्यावर का?

हिशोब मांडून पाहू. समजा गोणी पाचशे रुपयांची आहे. दुकानदाराने ती खराब म्हणून बाजूला काढली तर त्याचे नुकसान पाचशे. ती विकली तर त्याचे नुकसान शून्य. पण त्या गोणीवर पन्नास फूट टाइल बसली, ती पन्नास रुपये फुटाने धरली तरी अडीच हजारांची. शिवाय तोडणे, मलबा उचलणे, नवी गोणी, पुन्हा मजुरी. वर त्याच शेडची टाइल पुन्हा मिळत नाही, म्हणून कधी पूर्ण भिंतच बदलावी लागते. पाचशे रुपये वाचवण्यासाठी दुसऱ्याचे पाच-सात हजार घालवणे याला धंदा म्हणत नाहीत.

माल जुना का होतो, याचेही कारण पाहिले पाहिजे. मार्चअखेरीला कंपन्यांना आपले आकडे पूर्ण करायचे असतात. इतक्या गोण्या उचला, इतकी सूट, वर परदेश सहलीची स्कीम. दुकानदार गरजेपेक्षा जास्त माल उचलतो. एप्रिल-मे तो पत्र्याखाली तापतो, जून ते सप्टेंबर ओल पितो आणि दिवाळीच्या आधी घरकामाचा हंगाम सुरू झाला की बाजारात येतो. गोणीत मिस्त्रीसाठी कूपनही असते, म्हणून मिस्त्रीही गोणीची तारीख बघण्याऐवजी कूपन बघतो. कंपनीचा आकडा झाला, दुकानदाराची सूट झाली, मिस्त्रीचे कूपन झाले. राहिला तो घरमालक, ज्याने गोणी उघडूनही पाहिली नाही.

काही दुकानदार म्हणतील, आमच्याकडे जागाच नाही, गोदामाचे भाडे परवडत नाही. मान्य. शहागंज, सिटी चौक, गुलमंडीच्या जुन्या दुकानांमागे किती जागा असते हे आम्हालाही माहीत आहे. पण जागा कमी असेल तर माल कमी भरावा. हा माल काही नाशिकचा कांदा नव्हे की आज भरला नाही तर उद्या मिळणार नाही. फोन केला की दोन दिवसांत गाडी येते. पावसाळ्याच्या तोंडावर महिनाभराच्या खपापुरताच माल ठेवणे हे सगळ्यात स्वस्त गोदाम आहे.

दुसरे म्हणजे कायदाही आता बदलला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम ८६ प्रमाणे, विकणाऱ्याने माल तपासण्यात किंवा सांभाळण्यात योग्य काळजी घेतली नाही आणि त्यामुळे नुकसान झाले, तर जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. ‘आम्ही फक्त विकतो, बनवत नाही’ हे उत्तर आता नेहमी चालणार नाही.

काय करता येईल?

दुकानदारांनी तीन गोष्टी कराव्यात. पक्क्या बिलावर गोणीचा बॅच नंबर व उत्पादनाचा महिना लिहून द्यावा. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा सप्टेंबरच्या शेवटी गोदाम तपासून मुदत संपत आलेला माल वेगळा काढावा. आणि कंपनीच्या माणसाशी स्कीम ठरवताना जुना माल परत घेण्याची अटही लिहून घ्यावी. एकट्या दुकानदाराचे कंपनी ऐकणार नाही, पण दहा-वीस दुकानदार मिळून बोलले तर ऐकावे लागेल.

मिस्त्रींनी गोणी फोडण्याआधी तारीख घरमालकाला दाखवावी आणि गाठी निघाल्या तर काम थांबवावे. एक दिवस वाया जाईल, पण नाव वाचेल. कूपन पुढच्या गोणीतही मिळेल.

आणि घरमालकांनी गोणी ट्रकमधून उतरतानाच तारीख वाचावी, बिल व एका गोणीचा फोटो जपून ठेवावा, घरी आलेला माल अंगणात किंवा ओल्या स्लॅबवर न ठेवता फळीवर ठेवावा. टाइलचा रंग निवडायला आपण कुटुंबासह चार दुकाने फिरतो. ज्याच्यावर ती टाइल उभी राहणार आहे, त्याची तारीख वाचायला एक मिनिट लागतो. दुकानदाराने तारीख विचारल्याचा राग मानू नये. तारीख विचारणारे गिऱ्हाईकच चांगला माल ठेवणाऱ्या दुकानदाराला बाजारात टिकवून ठेवते.